रक्तातली जॉबरशाही आणि मधुमेह



आम्ही वैद्य नव्हे. आमचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, उसनी पुस्तके वाचून. तरी हा विषय मुद्दाम घेतला. मधुमेह जडलेल्या कामगाराला वरून एक वाक्य हमखास ऐकविले जाते : “तुमच्या रक्तातच आहे ते, कारखाना काय करणार?” तेव्हा रक्तात आहे म्हणजे काय आहे, तेच पाहू.

रक्त तयार होते हाडांच्या मज्जेत. तेथल्या मूळ पेशींपासून तांबड्या-पांढऱ्या पेशी जन्मभर निपजत राहतात. वय वाढता वाढता एखाद्या मूळ पेशीच्या जनुकात बदल होतो आणि तिचीच प्रजा इतरांहून जोमाने वाढू लागते. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर सगळे खाते आपल्या गावच्या माणसांनी भरून टाकी, तसलाच हा प्रकार! २०१४ साली १७,१८२ माणसांच्या रक्ततपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चाळिशीच्या आत हा बदल क्वचित दिसला. सत्तर ते एकोणऐंशी वयात मात्र शेकडा साडेनऊ जणांत. आणि मधुमेह्यांत त्याचा संभव सुमारे १.३ पट निघाला.

आता यात कारण कोणते आणि परिणाम कोणता? नुसत्या आकड्यांवरून ते ठरत नाही. २०२० साली ‘टेट-२’ हे जनुक निकामी झालेल्या रक्तपेशींचा उंदरांवर प्रयोग झाला. उंदीर म्हातारे किंवा लठ्ठ झाले की इन्सुलिनला दाद देईनात. त्यांच्या चरबीत दाह वाढविणारे एक द्रव्य वाढलेले आढळले. ते द्रव्य औषधाने रोखताच बिघाड ओसरला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे आम्हीही जाणतो. पण वाट कोणत्या बाजूने जाते ते यावरून दिसते.

मधुमेहात आनुवंशिकता असते, ती आम्ही नाकारीत नाही. पण हा बदल आईबापांनी दिलेला नव्हे. तो आयुष्यात घडतो, मुलांकडेही जात नाही. मग “रक्तातच आहे” म्हणून हात झटकता कसे येतील? वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्यांत मधुमेह अधिक आढळतो, हेही संशोधनच सांगते. ते वाक्य मात्र वरून कोणी ऐकवीत नाही!

जनुकांची महागडी तपासणी आम्ही मागत नाही. रक्तातल्या साखरेची साधी तपासणी पुरे : चाळिशीनंतर दरवर्षी, पगारी वेळेत, आणि तिचा कागद कामगाराच्या हाती.