नेवार्क ते माहुल: घरापासून घरापर्यंत किती तास?



संयोजकांनी मला 'तंत्रज्ञान आणि आपण' हा विषय दिला होता. तो मी थोडा वळवून घेतलाय. मी सॉफ्टवेअरवाली, म्हणून परदेशातले वर्गमित्र मला हमखास विचारतात, "घरून फोन आला तर किती तासांत पोहोचेन गं?" आपल्या वयात हा प्रश्न गमतीचा राहिलेला नाही. आईवडील सत्तरीपुढे गेलेत आणि बरेच अजून माहुल-चेंबूरलाच आहेत.

न्यू जर्सीचं उदाहरण घेऊ. नेवार्क आणि मुंबई विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन गणित केलं, की अंतर येतं सुमारे 12,550 किलोमीटर. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा (भूगोलाच्या तासाला आपण तो गोल नुसता गरागरा फिरवायचो). दोरा चक्क स्वीडन-फिनलंडवरून जातो. जवळची वाट ती. पण पुढे त्याच वाटेवर रशिया आणि पाकिस्तान लागतात. अमेरिकन विमानांना रशियाचं आकाश 2022मध्ये बंद झालं, भारतीय विमानांना पाकिस्तानचं एप्रिल 2025मध्ये. मग वळसा आला. शिवाय वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, म्हणून येताना साधारण पंधरा तास, जाताना त्याहून तासभर जास्त.

हे झालं हवेतलं. घरून नेवार्कला एक तास, तिथे तीन तास आधी, इथे पासपोर्ट आणि सामानाला एक तास. सांताक्रूझ विमानतळ माहुलपासून सरळ रेषेत जेमतेम 9 किलोमीटर, पण संध्याकाळी लिंक रोडवर तासभर सहज जातो. एकवीस तास झाले, तेही थेट विमानाचं तिकीट लगेच मिळालं तर. मध्ये दुबई-लंडन आलं की तीस धरा. नवी मुंबईचा विमानतळ 25 डिसेंबर 2025ला सुरू झाला, त्याबद्दलही मला विचारतात. त्याने वाचला तर अर्धा तास वाचेल.

गेल्या पावसाळ्यात आपल्या एका वर्गमित्राच्या वडिलांना रात्री छातीत दुखायला लागलं. तो तिकडून निघून पोहोचेपर्यंत अँजिओप्लास्टी होऊन दुसरा दिवसही सरत आला होता. इथे फॉर्मवर सही केली ती गावठाणात दुकान चालवणाऱ्या आपल्याच वर्गातल्या एकाने. तो दहा मिनिटांत पोहोचला होता. वेळ गेला तो दुसरीकडेच: काका कोणत्या गोळ्या घेतात आणि मेडिक्लेमचं कार्ड कुठे आहे, हे काकूंना त्या घाईत आठवेना. मुलगा फोनवर होता, पण त्यालाही माहीत नव्हतं.

म्हणून जे लांब आहेत त्यांनी एवढं करावं. आईवडिलांच्या औषधांची यादी, डॉक्टरांचा नंबर आणि मेडिक्लेमच्या कार्डाची प्रत एका पाकिटात घालून फ्रिजवर ठेवावी. घराची एक किल्ली इथल्या कुणाकडे तरी द्यावी. आईवडिलांना आधी विचारून, कारण काहींना ते आवडत नाही. माझ्या आईला तर मुळीच आवडलं नव्हतं, तिला पटवायला दोन रविवार लागले.

आणि जे इथेच आहोत त्यांच्यासाठी जेवणाच्या टेबलाजवळ एक वही ठेवली आहे. नाव, फोन नंबर, गाडी आहे का, रात्री येऊ शकाल का, एवढंच लिहायचं आहे. पहिलं नाव माझं आहे. जेवायला जाताना लिहून जा.