सार्वजनिक दिवे आणि त्यांची निगा
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



गावातील समाजमंदिराच्या छपरावर सौर पॅनेल बसवावेत आणि वस्तीतील रस्त्यांवर दहा सौरदिवे उभारावेत, अशी सूचना आज मंडळापुढे आली आहे. सूचना स्तुत्य आहे व तीस आमचा पाठिंबा आहे. मात्र वर्गणीचा आकडा घालण्यापूर्वी आमचे दोन शब्द ऐकून घ्यावेत.

आमच्या लहानपणी हिंगोली हा परभणी जिल्ह्याचाच भाग होता. स्वतंत्र जिल्हा 1999 साली झाला. घरी वीज नव्हती. कंदिलाची काच राखेने घासून पुसण्याचे काम आमच्याकडे असे. एक दिवस चुकला की काजळी धरे आणि पुस्तकातील अक्षर दिसेनासे होई.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावी असेच सौरदिवे लागले. नारळ फुटला, भाषणे झाली. दोन वर्षे उजेड पडला, तिसऱ्या पावसाळ्यात दिवे विझले. बॅटऱ्या शिशाच्या, त्यांत पाणी घालावयाचे असते हे कोणास ठाऊक नव्हते. एक बॅटरी तर चोरीस गेली. आज त्या खांबांस गुरे बांधतात. दात्याचे नाव मात्र दिवसाउजेडी स्वच्छ वाचता येते!

सूर्य आपणांस कमी नाही. एक किलोवॅटच्या पॅनेलला सुमारे शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते व दिवसाकाठी सरासरी चार युनिट वीज मिळते. पॅनेल पंचवीस वर्षे टिकते. शिशाची बॅटरी चार-पाच वर्षांतच थकते. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत काचेवर धुळीचा थर बसतो व वीज घटते. काच सकाळी, ती तापण्यापूर्वी, साध्या पाण्याने धुवावी.

आणखी एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. छपरावरील जी यंत्रणा बॅटरीविना थेट वीजवाहिनीस जोडतात, तिची जादा वीज बिलातून वजा होते. परंतु वाहिनी बंद पडताच ती यंत्रणाही आपोआप बंद होते. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून तशी योजना असते. परीक्षेच्या दिवसांत समाजमंदिरात रात्री अभ्यासास बसणाऱ्या आपल्या मुलींना त्या वेळी पुन्हा अंधारच. त्यांच्यासाठी बॅटरीचा खर्च धरलाच पाहिजे.

2024 साली सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी हे राज्यातील पहिले सौरग्राम झाले. तेथे घरांबरोबर पथदिवे, शाळा व पाणीपुरवठाही सौरविजेवर आला. उलट 2021 साली थकीत बिलांपायी राज्यातील अनेक ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज तोडली गेली, हेही आपण पाहिले आहे. तेव्हा दिवे हवेतच. प्रश्न पाचव्या वर्षाचा आहे. वर्गणीदार नव्या खांबासाठी सापडतो, जुन्या बॅटरीसाठी सापडत नाही. बॅटरीवर नाव कोरता येत नाही, हे त्याचे कारण असावे.

म्हणून आमची सूचना अशी. दहाऐवजी सहाच दिवे उभारावेत. चार दिव्यांची रक्कम बॅटरीनिधी म्हणून मंडळाच्या नावे बँकेत ठेवावी व तीस अन्य कार्यासाठी हात लावू नये. समाजमंदिरापासून मुलींच्या घरांपर्यंतचा रस्ता आधी उजळावा, मुख्य चौक नंतर. महिन्यातून दोनदा काचा पुसण्याची पाळी घरोघर लावावी. पहिली पाळी आमची धरावी. मात्र गुडघे दुखतात, तेव्हा शिडीवर कोणा तरुणाने चढावे, खाली शिडी धरण्यास आम्ही उभे राहू.