प्रवेशाच्या रजिस्टरातली श्रद्धा



मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत आयुष्य घालवलेल्या एका शिक्षिकेला तुम्ही या शिक्षक संमेलनाच्या अध्यक्षपदी बसवलेत. कॅथलिक प्राथमिक शाळेतली दया, श्रद्धा आणि एकत्र जगणे, असा विषय तुम्ही मला दिलात. त्यावर गोड बोलणे सोपे आहे. पण आपण कोल्हापुरात जमलो आहोत आणि इथे शिक्षणाविषयी बोलायचे तर शाहू महाराजांना साक्षी ठेवूनच बोलावे लागते.

महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करणारा कायदा केला. त्याच्याही आधी, १९०१ पासून, या शहरात एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या मुलांसाठी त्यांनी जागा दिल्या, मदत दिली. त्यांच्याच कारकिर्दीत इथे ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही वसतिगृह झाले. खेड्यातल्या मुलाने शिकावे असे वाटत असेल तर आधी त्याच्या डोक्यावर छप्पर आणि ताटात भाकरी हवी, हे त्या राजाने ओळखले होते. शाळेतली दया म्हणजे काय, याचे माझे उत्तर तिथूनच आले आहे. मुलाला शिकता येईल अशी तजवीज आधी करायची, उपदेश मागाहून.

कोल्हापुरात ख्रिस्ती शाळा म्हटले की जुन्या माणसांना आधी प्रोटेस्टंट मिशन आठवते, आणि ते बरोबरच आहे. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये इथे आले. वाइल्डर मेमोरियल चर्च, इर्विन ख्रिश्चन आणि एस्तर पॅटन या शाळा, ही नावे या गावाच्या बोलण्यात मुरलेली आहेत. आपण कॅथलिक इथे संख्येने नेहमीच थोडे. हे शहर पूर्वी पुणे धर्मप्रांतात होते. २००५ साली सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला तेव्हापासून ते सावंतवाडीशी जोडले गेले. शहरात होली क्रॉस आणि सेंट झेवियर्स या शाळा सर्वांना ठाऊक आहेत. आजरा-चंदगडच्या बाजूला घरात कोकणी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबे आहेत. आपल्या शाळांच्या वर्गांत बसणारी बहुतेक मुले मात्र ख्रिस्ती नाहीत. ती अंबाबाईच्या नवरात्रात घट बसवणाऱ्या घरांतून येतात, जोतिबाच्या यात्रेनंतर कपाळावर गुलालाची लाली घेऊन येतात, रमजानमध्ये थोरल्यांबरोबर एखादा रोजा धरून येतात. आपल्या श्रद्धेची खरी परीक्षा या मुलांसमोर होते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणाविषयी एक घोषणापत्र काढले. त्यात कॅथलिक शाळेची ओळख सांगताना शाळेच्या वातावरणावर भर दिला आहे: शुभवर्तमानातले स्वातंत्र्य आणि प्रेम जिथे रोजच्या वागण्यात जाणवते, असा समुदाय. भिंतीवरचा क्रूस आणि सकाळची प्रार्थना मला प्रिय आहेत. माझा दिवस आजही प्रार्थनेनेच सुरू होतो. पण चाळीस मुलांच्या वर्गात येशू आहे की नाही हे कळायला डबा खायच्या सुट्टीत जावे लागते. कोण एकटे बसले आहे, कोणाचा डबा उघडतच नाही, कोणाच्या शेजारी बसायला कोणी तयार नाही, आणि हे बाईंच्या ध्यानात आले आहे का, एवढे पाहिले की पुरते.

माझे वडील तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात मिशनचे मास्तर होते. आपल्यातल्या तरुणांना मिशनचा मास्तर म्हणजे काय हे माहीत नसेल, म्हणून त्याच्याविषयी जरा सविस्तर सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन जेझुइट फादर राहुरी, केंदळ, संगमनेर या भागात आले. त्यांच्यातल्याच फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले; पुढे ते पुण्याचे बिशप झाले. या फादरांची नावे इतिहासात आहेत. खेड्यातल्या मास्तरांची नावे फारशी कुठे नाहीत, आणि शाळा तर त्यांनीच चालवल्या. फादर महिन्यातून कधीतरी गावात येत, मास्तर रोज तिथेच असे. सकाळी तो बाराखडी आणि पाढे घेई. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात जपमाळ आणि प्रार्थना सांगे. रात्री कोणाचे पत्र लिहून दे, कोणाचा तलाठ्याकडचा अर्ज वाचून दाखव, अशी कामे चालत. मूल चौथी पास झाले की त्याला घेऊन मास्तर पायी किंवा बैलगाडीने मिशनच्या बोर्डिंगात जाई आणि ‘याला ठेवून घ्या’ म्हणून फादरांपुढे उभा राही. नाही म्हटले तरी हलत नसे.

ही मुले बहुतेक गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतली होती. गावच्या विहिरीवर त्यांना पाणी नव्हते, देवळात पाऊल नव्हते. मिशनच्या शाळेत ती एका सतरंजीवर बसली, एका पिंपातले पाणी प्यायली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी जोडल्या आणि ख्रिस्ती झालेल्या दलितांना त्या मिळाल्या नाहीत. त्या घरांतली जी मुले तरीही पुढे शिक्षक, परिचारिका, कारकून झाली, त्यांच्या मागे असा एखादा मास्तर आणि अशी एखादी बोर्डिंगची सिस्टर उभी होती. डोक्यातल्या उवा काढणारी, खरजेला मलम लावणारी, परीक्षेच्या आधी पहाटे उठवणारी सिस्टर. दयेविषयी तिने आम्हाला कधी भाषण दिले नाही.

आता माझ्या शाळेतली एक गोष्ट. आमचा भाग उसाचा. दसरा झाला की बीडकडून तोडीच्या टोळ्या यायच्या, उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जायच्या. दिवाळीनंतर एका दुपारी एक बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलीला हाताला धरून आली. दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही, मुलगी चार महिन्यांत परत जाणार. एका सहकाऱ्याने म्हटले, पटावर घेऊन काय करायचे, हजेरी बिघडेल. आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर होत्या. त्यांनी रजिस्टर ओढले, आईला नाव विचारले आणि लिहिले. मग त्या मुलीला स्वतः वर्गात नेऊन पहिल्या बाकावर बसवले आणि वर्गाला सांगितले की ही आपल्याकडे पाहुणी नाही, आपली आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला. दाखल्याला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही, असे त्यात लिहिले आहे. ते वाचले तेव्हा मला ती दुपार आठवली. सिस्टरांपाशी तेव्हा कायदा नव्हता, श्रद्धा होती.

आणि इथूनच मला आपल्या आजच्या शाळांविषयी स्पष्ट बोलायचे आहे.

त्याच कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांनी सुरुवातीच्या वर्गात किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्याव्यात असे ठरवले. अल्पसंख्याकांच्या संस्थांना हा कायदा लागू होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये प्रमती खटल्यात दिला. राज्यघटनेच्या कलम ३० ने आपल्याला शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क मला मोलाचा वाटतो आणि तो राखला पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण हा हक्क आपण कशासाठी मागितला होता? न्यायालयाने आपल्याला सूट दिली. शुभवर्तमानाने दिलेली नाही. भुकेल्याला, परक्याला, उघड्याला तुम्ही जे केलेत ते मला केलेत, असे येशू सांगतो, तेव्हा त्यातून कोणत्याही शाळेला वगळल्याचे मला दिसत नाही. तीन वर्षांच्या मुलाला प्रवेश देताना आईवडिलांची मुलाखत घेणे, त्यांचे इंग्रजी तपासणे, वडील काय कमावतात हे आडून विचारणे, हे ज्या शाळेत चालते तिथे सकाळची प्रार्थना कितीही सुरेल असो, तिला अर्थ उरत नाही. हे मी रागाने बोलत नाही. आपल्या माणसांशी बोलते आहे म्हणून बोलते.

दुसरा मुद्दा भाषेचा. शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून १९५० साली पोपनी ज्यांची घोषणा केली, ते संत जॉन बाप्टिस्ट दे ला साल. घरची सुबत्ता असलेला हा धर्मगुरू. १६८४ च्या आसपासच्या दुष्काळात त्यांनी आपली मालमत्ता गरिबांना वाटून टाकली आणि ते आपल्या शिक्षकांबरोबर साधेपणाने राहू लागले. त्या काळी फ्रान्समध्ये मुलांना आधी लॅटिन वाचायला शिकवत. त्यांनी गरिबांच्या मुलांना आधी त्यांच्या फ्रेंचमध्ये वाचायला शिकवले. कारण त्या मुलांना शाळेत राहायला वर्षे थोडी मिळत, आणि लॅटिनमध्येच ती संपून जात. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून आले आणि त्यांचे मराठीतले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. वसईत चर्चच्या मराठी शाळांनी एक पूर्ण सुशिक्षित समाज घडवला. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याच मातीतले. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, ‘सुबोध बायबल’चे लेखक. २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा काहींनी त्यांच्या धर्मावरून विरोध केला. त्यांनी कोणाविषयी कटू शब्द काढला नाही आणि तब्येत साथ देत नसतानाही संमेलनाला गेले. २०२४ मध्ये ते आपल्याला सोडून गेले.

असा वारसा असताना आपल्याच काही शाळांत मराठी बोलल्याबद्दल मुलांना दंड होतो. सहा वर्षांचे मूल पडले, लागले, आणि ‘आई गं’ म्हणाले, तर त्याने आधी भाषा तपासायची का? इंग्रजी शिकवू नका असे मी म्हणत नाही. गरिबाच्या मुलाला उत्तम इंग्रजी आलेच पाहिजे, आणि ते शिकवण्यात आपल्या सिस्टरांचा हात धरणारे थोडे. पण पटसंख्या घटली म्हणून मराठी माध्यमाचे प्राथमिक वर्ग बंद करताना आपण फार लवकर हात झटकतो. गोव्यात १९९० नंतर चर्चच्या प्राथमिक शाळा अनुदानासाठी कोकणीकडे वळल्या आणि २०११ मध्ये इंग्रजीलाही अनुदान मिळाल्यावर पुन्हा वारे फिरले. अनुदान, पालकांची ओढ, शेजारची नवी शाळा, ही दडपणे खरी आहेत. तरी ज्या वस्तीला परवडेल अशी दुसरी मराठी शाळा नाही, तिथला वर्ग तोट्यात चालवणे हेच आपले काम आहे. त्या तोट्यासाठीच तर शहरातल्या फी घेणाऱ्या शाळांचा पैसा वापरता येईल.

प्रार्थनेविषयीही एक शब्द. घटनेचे कलम २८ सांगते की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षण किंवा उपासना सक्तीची करता येत नाही. अल्पवयीन मुलाच्या बाबतीत ती संमती पालकांची. आज काही पालकांना आपल्या शाळांविषयी शंका वाटते, कधी ती मुद्दाम पेरलीही जाते. याला घाबरून क्रूस झाकू नका, आणि रागावून हट्टालाही पेटू नका. दारे उघडी ठेवा. पालकांना बोलावून प्रार्थना ऐकवा, नीतिशिक्षणाच्या तासाला बसवा. नाताळचा गोठा मुलांनी मिळून करावा. मुस्लिम मुलीने मेंढरू रंगवावे, मराठ्याच्या मुलाने घरच्या गवताची पेंढी आणावी. ज्याचा स्वतःच्या देवावर पक्का विश्वास आहे त्याला दुसऱ्याच्या देवाची भीती वाटत नाही, हे मी माझ्या शाळेत वर्षानुवर्षे पाहिले आहे.

एकत्र जगण्यात मोठी माणसेही येतात. शाळा झाडणाऱ्या मावशींना मुले कोणत्या नावाने हाक मारतात, कंत्राटावर राबणाऱ्या शिक्षिकेला पगार वेळेवर आणि कागदावर लिहिलेला पूर्ण मिळतो का, हे व्यवस्थापनाने स्वतःला विचारावे. मुले हे सारे पाहत असतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेने या गावाला वेढले, तेव्हा शाळांचे वर्ग निवारा झाले आणि कोणी कोणाला जात-धर्म विचारला नाही. ते वागणे पूर ओसरल्यावरही टिकवणे, हे शाळेचे काम.

या संमेलनाने ठराव करावेत, जरूर करावेत. माझी विनंती मात्र थोडी आहे. येत्या प्रवेशाच्या वेळी आपल्या प्रत्येक शाळेने चौथा हिस्सा जागा गरीब घरांतल्या मुलांसाठी ठेवाव्यात, कायदा लागू असो वा नसो, आणि त्या मुलांच्या फीचा, गणवेशाचा, सहलीचा खर्च शाळेने उचलावा. पालकांची मुलाखत बंद करावी. मराठी बोलल्याचा दंड उद्यापासून बंद व्हावा. त्याला ठरावाचीही गरज नाही. वर्षाच्या मधे कोणी मूल घेऊन दाराशी आले तर आधी नाव लिहावे, कागद नंतर पाहावेत. पुढच्या संमेलनाला येताना अहवाल आणि छायाचित्रे घरी राहिली तरी चालतील. प्रवेशाचे रजिस्टर तेवढे बरोबर आणा.