मधला आवाज

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत मयूर विहार येथे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संत, साहित्य, संस्कृती अशा विषयांवर बोलावे, असा संकेत आहे. मी मात्र आज आपणांसमोर लाकडाच्या तीन खोक्यांविषयी बोलणार आहे. विषय ऐकून कार्यवाहांनी क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिले आणि मग म्हणाले, "बोला, पण अर्ध्या तासात आटपा." तेव्हा फार पाल्हाळ लावीत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांची कहाणी एकाच वळणाची आहे. वडील सरकारी नोकरीनिमित्त दिल्लीत आले, सरोजिनीनगर, रामकृष्णपुरम, लोदी कॉलनी अशा वसाहतींतील क्वार्टरांत संसार झाले आणि निवृत्तीच्या सुमारास मंडळी यमुनेपलीकडे, मयूर विहारच्या सहकारी संस्थांतील सदनिकांत स्थिरावली. आमचेही तसेच झाले. क्वार्टर सोडताना पुष्कळ सामान टाकले. परंतु वडिलांनी १९७८ साली घेतलेली ध्वनिक्षेपकांची जोडी टेम्पोत न चढता मोटारीच्या मागच्या बैठकीवर, आईच्या शेजारी बसून यमुनापार आली. सागवानी रंगाची खोकी, प्रत्येकात आठ इंची कागदी शंकूचा वूफर आणि त्याच्यावर एक छोटा ट्वीटर. परदेशी माल दुरापास्त असण्याचा तो काळ. परंतु १९७० साली कलकत्त्यात सुरू झालेल्या सोनोडाइनसारख्या कंपन्या देशातच चांगली ध्वनियंत्रे बनवू लागल्या होत्या. आमच्याकडे रविवारची सकाळ म्हणजे भीमसेन जोशी नाहीतर कुमार गंधर्वांची तबकडी. पुढे वडील गेले, तबकड्याही मागे पडल्या, परंतु ती दोन खोकी दिवाणखान्यात आपल्या जागी उभी राहिली.

काही वर्षांपूर्वी चिरंजीवांनी भिंतीवर मोठा दूरदर्शन संच लावला आणि 'होम थिएटर' करण्याचे ठरविले. आजोबांचे स्पीकर डावीउजवीकडे ठेवायचे, हे त्याने आपणहून मान्य केले, याचे मला कौतुक वाटले. मध्ये मात्र, चित्राच्या खाली, दुकानदाराच्या सल्ल्याने एक नवा, आडवा, काळाभोर 'सेंटर स्पीकर' आला. चित्रपटातील संवाद मुख्यत्वे या मधल्या स्पीकरमधून येतात. संगीत आणि वातावरण बाजूंना पसरलेले असते. पहिल्याच रात्री आम्ही एक मराठी चित्रपट लावला. पंधरा मिनिटांत आई म्हणाली, "हा मधला कोण परका बोलतोय रे? बाजूचे दोघे आपले आहेत."

चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईने एका वाक्यात दोष सांगितला होता. एखादे पात्र चालत चालत पडद्याच्या डावीकडून मध्ये आले की त्याचा गळाच बदले. डावीकडे ऊबदार, किंचित जाडसर आवाज. मध्ये तोच माणूस पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा. त्यात आईच्या कानाची अडचण. वयोमानाने प्रथम जातात ती उंच कंपने, आणि व्यंजने ओळखू येतात ती बव्हंशी त्यांच्यावरच. आपल्या भाषेत तर हा मामला फारच नाजूक आहे. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, या दोहोंतील फरक 'ज'च्या एका घर्षणात आहे. दिल्लीत वाढलेल्या आपल्या मुलांना तो हिंदीत कुठे भेटत नाही. भेटलाच तर घरच्या बोलण्यात आणि अशा चित्रपटांत. तो फरक ज्या कंपनांत राहतो, ती बाहेर टाकणे हे ट्वीटरचे काम. आई एकेक वाक्य पुन्हा विचारू लागली, आणि थोड्याच दिवसांत "तुम्ही बघा, मी पडते जरा" असे म्हणून आत जाऊ लागली. तेव्हा मी या प्रकरणात हात घातला.

थोडा इतिहास सांगतो. २७ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेत बेल प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी फिलाडेल्फियातील वाद्यवृंद टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकविला, तो दोन नव्हे, तीन ध्वनिक्षेपकांतून: डावा, मधला आणि उजवा. म्हणजे मधला आवाज हे आजच्या दुकानदाराचे खूळ नव्हे. घरात मात्र दोनच आले, कारण तबकडीच्या खाचेला भिंती दोनच असतात. दोन स्पीकरांतून अगदी सारखा आवाज सोडला तर बरोबर मध्ये बसलेल्या श्रोत्याला तो मधूनच येतो असा भास होतो, यावर सारा कारभार चालला. पॉल क्लिप्श नावाच्या अमेरिकन अभियंत्याचे मोठे स्पीकर खोलीच्या दोन कोपऱ्यांत उभे राहत. मध्ये पोकळी पडे. ती भरण्यासाठी त्याने १९५७ साली 'हेरेसी' नावाचा छोटा स्पीकर काढला. तोही कर्ण्याच्याच जातीचा होता, थोरल्यांच्या घराण्यातला.

हे वाचल्यावर मी पहिला प्रयोग केला तो मधला स्पीकर काढून टाकण्याचा. रिसीव्हरला 'मधला नाही' असे सांगितले की तो संवाद दोन्ही बाजूंना सारखे वाटून देतो. मी मधल्या खुर्चीत बसलो आणि वाटले, झाले काम! जुनी जोडी, तोच ओळखीचा गळा. परंतु आईची जागा मधली नव्हे. ती बाल्कनीच्या दाराशी, डावीकडच्या दिवाणावर बसते. तिथे डाव्या स्पीकरचा आवाज आधी पोहोचतो, आणि कान आधी आलेल्याचे ऐकतो. त्यामुळे सगळी पात्रे डाव्या खोक्यात जाऊन बसली. एकट्यादुकट्या श्रोत्याने मधला स्पीकर घेऊच नये, असे माझे आजही मत आहे. परंतु घर म्हटले की कोणीतरी बाजूला बसणारच.

मग नव्या स्पीकरचेच काही होते का, ते पाहिले. त्याचा आवाज कमीजास्त करणे सोपे असते. प्रत्येक स्पीकर किती अंतरावर आहे तेही रिसीव्हरला सांगता येते; ध्वनीला एक मीटर जायला सुमारे तीन सहस्रांश सेकंद लागतात, त्या हिशेबाने तो जवळच्याला थांबवून धरतो. सोबतच्या मायक्रोफोनने यंत्र स्वतः मोजमाप करून स्वर थोडेफार सारखेही करते. एवढे सगळे केल्यावर परका माणूस सभ्य झाला, पण परकाच राहिला. रेशमी ट्वीटर आणि धातूचा ट्वीटर, कागदी शंकू आणि प्लास्टिकचा शंकू, यांचा स्वभाव कानाला लगेच कळतो. शिवाय स्पीकर भिंतींवर आणि छतावर जो आवाज फेकतो तो परतून आपल्याकडे येतो, आणि त्यावर त्या यंत्राची फारशी सत्ता चालत नाही. त्यात हा आडवा. मध्ये ट्वीटर आणि दोन्ही अंगांना एकेक वूफर. बाजूला बसणाऱ्याचे दोहोंपासूनचे अंतर निराळे, म्हणून काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात, आणि ते नेमके मानवी आवाजाच्या टापूत. स्पीकर आडवा करण्यात सोय टेबलाची झाली, दिवाणावरच्या आईची नाही.

उरला एकच मार्ग: वडिलांच्या जोडीचे तिसरे भावंड शोधायचे. लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटात मी सहा महिने शनिवारी फेऱ्या मारल्या. हिवाळ्याच्या एका सकाळी एका जुन्या मालाच्या गाळ्यात तीच जोडी सापडली. मला हवा होता एक, पण विकणारा जोडी फोडीना. अखेर दोन्ही घेतले. एक पलंगाखाली आहे, अडीअडचणीला.

आता एक गंमत. पूर्वीच्या काचेच्या नळीच्या टीव्हीशेजारी असा जुना स्पीकर ठेवला असता तर त्याच्या उघड्या चुंबकाने चित्रावर रंगांचे डाग पाडले असते. आजच्या सपाट संचाला त्याचे काही वाटत नाही. त्यामुळे संच वीतभर वर चढवून त्याच्या खाली खोके उभेच ठेवता आले, समोरच्या काठाखाली लाकडी पट्टी सारून किंचित वर तोंड करून. तरीही पहिल्या दिवशी जुळले नाही. दिसायला सख्खे, पण एक चाळीस वर्षे आमच्या दिवाणखान्यात राहिलेले, दुसरे कोण जाणे कुठल्या गच्चीवरच्या खोलीत. वूफर आणि ट्वीटर यांच्यात स्वर वाटून देणारे जे क्रॉसओव्हर असते, त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयानुसार बिघडतात आणि वाटणीच चुकते. ओळखीच्या कारागिराने चारही खोकी उघडून सगळे कपॅसिटर एकाच मापाचे, एकाच वेळी बदलले. दीड व्होल्टच्या सेलने प्रत्येक वूफरची दिशाही पाहिली. धनाला धन जोडले की शंकू पुढे यायला हवा. नव्या दोहोंपैकी एकाचा मागे जात होता, कोणीतरी तारा उलट्या जोडल्या होत्या. हे करण्याआधी कोणी नवे स्पीकर घेऊ नयेत, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. खर्च सेंटर स्पीकरच्या किमतीच्या मानाने फारच थोडा आला.

त्या रात्री पात्र डावीकडून उजवीकडे गेले आणि गळा एकच राहिला. आई शेवटपर्यंत बसली. एकदाही "काय म्हणाला?" असे विचारले नाही.

पुढच्या आषाढीला तिने प्रभातचा 'संत तुकाराम' लावायला सांगितले. १९३६ सालचा चित्रपट. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम. चित्रपट सुरू झाला, थोडा वेळ गेला आणि आई अस्वस्थ झाली. म्हणाली, "ह्यांचे दोन्ही आज गप्प का?" मी उठून बाजूच्या खोक्यांना कान लावला. खरोखरच गप्प! त्या काळचा आवाज एकमार्गी, म्हणजे डावीउजवीकडे सारखाच. आणि दोन्हीकडे सारखे जे आढळेल ते मध्ये पाठवावे, हा रिसीव्हरचा नियम. सगळा तुकाराम लाजपतराय मार्केटातून आणलेल्या स्पीकरमधून बोलत होता, आणि वडिलांची जोडी मुकी उभी होती.

मी म्हटले, "आई, बाजूचे दोघे चालू करतो, पण मग मधला बंद होईल. तुला दिवाणावरून नीट ऐकू यायचे नाही."

"कर तू," ती म्हणाली; आणि काठी टेकीत उठून, माझ्या मधल्या खुर्चीत येऊन बसली.