शेजारणीची खिडकी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'परदेशातले अनुभव' असा विषय दिला आहे. परदेश म्हटलं की उंच इमारती डोळ्यांसमोर येतात. पण मी राहते ते सांता लुझिया आपल्या गावाहूनही लहान आहे. पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर, ताविरा शहराजवळ. नवऱ्याची नोकरी त्या भागात आणि माझं सॉफ्टवेअरचं काम घरून चालतं, म्हणून आम्ही तिथे.

गावासमोर खाडी, खाडीपलीकडे वाळूचं लांबलचक बेट आणि मग अटलांटिक महासागर. गावाचा मुख्य धंदा ऑक्टोपसचा. दोरीला ओळीने मडकी बांधून समुद्रात सोडतात. पूर्वी मातीची असत, आता बहुतेक प्लॅस्टिकची. त्यात आमिष नसतं. ऑक्टोपसला लपायला जागा हवी असते, तो आपणहून आत शिरून बसतो. हे ऐकून माझी आई म्हणाली, "म्हणजे तुमच्या शहरातल्या फ्लॅटसारखंच की गं!" ठरावीक वजनापेक्षा लहान ऑक्टोपस मात्र कायद्याने परत सोडावा लागतो.

समोरच्या बेटावर पूर्वी ट्यूना पकडणाऱ्यांची वस्ती होती. १९६०च्या दशकात तो धंदा संपला. त्यांच्या जाळ्यांचे गंजलेले नांगर अजून वाळूत ओळीने उभे आहेत. धंदा गेला की माणसं जातात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तिथला दिवस साधा असतो. सकाळी पाव आणायचा. पाव, बटाटा, चावी, पगार, घमेलं हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडूनच आले, त्यामुळे पहिल्या आठवड्यात माझं बरंच भागलं! मग कॅफेत उभ्याउभ्या छोटा कप कॉफी. आत शिरताना सगळ्यांना 'बों दिया', म्हणजे सुप्रभात, म्हणायचंच. कोणी वारलं तर फोटोसह कागद काचेवर लागतो, आपल्या नाक्यावरच्या फळ्यासारखा. बायका मला नावाने नाही, 'विझिन्या' म्हणून हाक मारतात. विझिन्या म्हणजे शेजारीण.

आता मुद्द्याचं सांगते. तिथे खिडक्यांना गुंडाळून वर जाणारी झडप असते. रात्री खाली, सकाळी वर. माझ्या समोरच्या आजी एकट्या राहतात, मुलगा लक्झेंबर्गला. एका जानेवारीत साडेनऊ वाजले तरी त्यांची झडप खालीच होती. पाववाल्या बाईंनी माझं दार वाजवलं. आम्ही हाका मारल्या, फोन केला. उत्तर नाही. तिसऱ्या घरात आजींची जादा चावी असते, हे पाववाल्या बाईंना ठाऊक होतं. दार उघडलं तर आजी न्हाणीघरात पडलेल्या, खुब्याचं हाड मोडलेलं, पण शुद्धीवर. तीन महिन्यांनी त्या काठी टेकत कॅफेत आल्या.

माझं नोकरीतलं काम काय, तर सर्व्हरवर लक्ष ठेवणारे प्रोग्रॅम लिहायचे. दर मिनिटाला सर्व्हरने 'मी आहे' असं कळवायचं. नाही कळवलं तर गजर वाजतो. त्या गल्लीत हेच काम एक खिडकी करते, कारण तिच्याकडे रोज कोणीतरी बघतं.

पोर्तुगालमध्ये २०२१च्या जनगणनेत ६५ वर्षांवरचे लोक २३ टक्क्यांहून जास्त निघाले. तिथले ग्रामीण भागातले पोलीस २०११पासून एकट्यादुकट्या वृद्धांची नोंद करतात. अलीकडे ती ४० हजारांवर जाते. पण पोलीस रोज येऊ शकत नाहीत. शेजारीण रोज असते.

आज सकाळपासून तुमच्याशी बोलताना मी मनात मोजत होते. आपल्या वर्गातल्या बारा जणांचे आई किंवा वडील याच गावात एकटे राहतात. माझी आईही. मी रोज व्हिडिओ कॉल करते, ती रोज "मी बरी आहे" म्हणते. पण तिने फोन उचलला नाही, तर मी तिथून काय करणार? आपले काही सर आणि बाईही आता एकटे आहेत.

गावात राहिलेल्या आपल्या सात-आठ जणांवर सगळा भार टाकावा असं मी म्हणत नाही. माझं मागणं छोटं आहे. प्रत्येक घरासाठी तीन गोष्टी ठरलेल्या हव्यात : रोज सकाळी त्या दाराकडे कोण बघणार, जादा किल्ली कोणाकडे आणि फोन कोणाला करायचा. कोणी म्हणेल, तू इंजिनिअर, ॲप कर. ॲप मी आठवड्यात करून देईन, पण कुलूप उघडायला ॲप येत नाही.

चहाच्या वेळी मी वही घेऊन दारापाशी बसते आहे. आपापल्या घरचं लिहून द्या. लिहायला कोणाचं नाव सुचलं नाही, तर त्या शेजाऱ्यांना भेटूनच उद्याची गाडी पकडा. सर, बाई, तुमच्या घराचं पान मी आधीच आखून ठेवलं आहे.