पायाखालची बाग

मराठीला ‘बाग’ फारसीने दिली आणि ‘गालिचा’ही. इराणच्या विणकरांनी तर या दोन्ही गोष्टी एकाच मागावर चढवल्या. असा गालिचा समोर आला की नजर फुलांकडे धावते. ती जरा आवरावी आणि आधी पाणी शोधावं.

ग्लासगोच्या बरेल संग्रहात सतराव्या शतकातला, वॅगनर नावाने ओळखला जाणारा गालिचा आहे. तो किरमानचा मानला जातो. दोन उभे पाट, त्यांना जोडणारा एक आडवा, मधोमध हौद. पाटांत मासे आणि बदकं. गंमत पुढेच आहे: पाट दिसतात वरून, झाडं मात्र खोडापासून शेंड्यापर्यंत समोरून! तलाठ्याच्या नकाशावर कुणीतरी हौसेने झाडं आणि जनावरं काढून ठेवावीत, तसं. किरमान रखरखीत मुलूख. डोंगरपायथ्याचं पाणी जमिनीखालच्या, ‘कनात’ म्हणवल्या जाणाऱ्या बोगद्यांतून मैलोन्‌मैल आणावं लागे. तिथला विणकर बागेची आखणी पाटापासून करतो, यात नवल नाही.

जयपूरच्या अल्बर्ट हॉल संग्रहालयातल्या बाग-गालिच्यात मध्यभागी घुमटाचा मंडप आहे. या गालिच्याच्या अस्तरावर 1632 सालची नोंद सापडली. जुन्या गालिच्यांवर सहसा तारीख नसते, त्यामुळे अभ्यासकांच्या दृष्टीने कोठीतल्या कुणा कारकुनाची ही नोंद लाखमोलाची.

अठराव्या शतकात वायव्य इराणातले कुर्दी विणकर हीच बाग विणू लागले. मासे, जनावरं गेली. झाडांच्या चांदण्या झाल्या, लाटांच्या नागमोडी रेघा झाल्या. काही जाणकार याला उतरती कळा म्हणतात. ते पटत नाही. गालिच्याचा कोपरा उलटून पाहावा; या बदलाचं कारण तिथेच उघडं पडतं: कुर्दी गाठ ताण्याच्या दोन धाग्यांना वेढा घालते आणि तिची दोन्ही टोकं मधून वर येतात. लोकर जाड, गाठी मोठ्या. अशा गाठींतून गोल वळण काढायला गेलं की पायऱ्याच पडतात. कुर्दी विणकराने त्या पायऱ्या लपवल्या नाहीत, त्यांचीच नक्षी केली.

आणि एक बारकावा. रंगाचा एक घाणा संपला की पुढच्या घाण्यातली नीळ जराशी वेगळी उतरते. निळ्या पाटात मग फिकट-गडद पट्टे पडतात. दुकानदार त्याला दोष म्हणो, पण लांबून पाहताना त्या पाण्यावरून ढगाची सावली सरकल्यासारखी वाटते.