साखर किती, आणि कशात मोजलेली?

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संक्षेप)



रसायनशास्त्रावर व्याख्यान आणि तेही प्रसादाच्या मोदकांनंतर, म्हणजे श्रोत्यांची परीक्षाच! म्हणून विषय तुमच्या घरच्या फायलीतलाच घेतला आहे: रक्ताचा रिपोर्ट.

आपल्यापैकी पुष्कळांची मुलं इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियात आहेत. तिकडून आजोबांसाठी साखर तपासायचं यंत्र येतं आणि ते ७ हा आकडा दाखवतं. इंदुरात तीच साखर १२६ लिहिली जाते. यंत्रावर ७ बघून साखर एकदम उतरली असं समजून कोणी गूळ तोंडात टाकला, तर उलटच व्हायचं. (अमेरिकेतलं यंत्र आणलंत तर हा घोळ नाही, तिथलं माप आपल्यासारखंच आहे.)

फरक एवढाच, की आपण साखरेचं वजन सांगतो आणि ते लोक रेणूंची संख्या सांगतात. बाप्पाला आपण २१ दूर्वांची जुडी वाहतो आणि २१ मोदकही. संख्या एकच, पण वजन? मोल ही अशीच एक जुडी, फक्त अफाट मोठी. तिच्यात ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण असतात. २० मे २०१९ पासून मोलची व्याख्याच या संख्येवर बांधली गेली. त्याआधी ती १२ ग्रॅम कार्बनवरून करत.

आता ग्लुकोज घ्या. एका रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू. अणुभारांची बेरीज ७२ अधिक १२ अधिक ९६, म्हणजे १८०. म्हणून एक मोल ग्लुकोज १८० ग्रॅम आणि एक मिलिमोल १८० मिलिग्रॅम. ते लोक एका लिटर रक्तामागे मोजतात, आपण १०० मिलिलिटरमागे, म्हणजे त्याच्या दहाव्या भागात. राहिले १८. तिकडच्या आकड्याला १८ ने गुणा, की आपला आकडा मिळाला. सात अठ्ठे... नव्हे, अठरा साते सव्वीसाशे!

हा १८ मात्र फक्त ग्लुकोजचा. कोलेस्टेरॉलचा रेणू जड, त्याला सुमारे ३८.७ ने गुणावं लागतं, तिकडचे ५.२ म्हणजे आपले २००. क्रिएटिनिन तिकडे मायक्रोमोलमध्ये लिहितात. तिथे ८८ दिसलं की छातीत धस्स होतं, पण ते आपलं साधं १ आहे. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीत ७ टक्के म्हणजे तिकडचे ५३. तिथे नुसत्या गुणाकारानं भागत नाही, तक्ताच बघावा.

सगळ्यांत जपायचं ते इन्सुलिनला. त्याचं ‘युनिट’ औषधाच्या परिणामावरून ठरलेलं. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली बाटली मिळते आणि १०० युनिटवालीही. चाळीसची सिरिंज लाल टोपणाची, शंभरची केशरी. शंभरच्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजनं १० च्या रेघेपर्यंत औषध ओढलं, तर शरीरात २५ युनिट जातात. अडीचपट! साखर इतकी उतरू शकते की माणूस बेशुद्ध पडेल. दोन्ही सिरिंज इथे टेबलावर ठेवल्या आहेत. आरतीपूर्वी हातात घेऊन, रेघा मोजून बघा.